चुनखडीच्या डोंगरातला काळा दगड : वरून वाहिलेला की आत घुसलेला?

शिवडीकर · रविवार, रात्री 9:12

नमस्कार मंडळी. लेकीकडे इंग्लंडात शेफील्डला दोन महिने राहून मागच्याच आठवड्यात परतलो. तिच्या घरापासून गाडीने तासाभरात डर्बीशरचा डोंगराळ मुलूख लागतो. त्यातल्या एका भागाला व्हाइट पीक म्हणतात. कुंपणाच्या भिंती चुनखडीच्या, घरं चुनखडीची, दऱ्यांचे कडे चुनखडीचे. ओढे मध्येच जमिनीत गडप होतात आणि पुढे कुठेतरी पुन्हा उगवतात. जन्मभर काळ्या कातळावर वावरलेला माणूस मी, तिथे सारखं परक्या घरी आल्यासारखं वाटत होतं.

मग मिलर्स डेलला गेलो. तिथली जुनी रेल्वे 1968 मध्ये बंद झाली, आता त्या मार्गावरून लोक पायी फिरतात. रेल्वेत पुलांच्या कामावर नोकरी गेल्यामुळे रुळांसाठी डोंगर कापून केलेलं कटिंग दिसलं की माझे पाय थांबतातच. तर त्या भागात पांढऱ्या चुनखडीच्या थरांच्या मध्ये एक काळपट-हिरवा पट्टा दिसला. जवळ जाऊन हात लावला. दगडाच्या अंगभर पांढरे ठिपके. लहानपणी आमच्या चाळीमागे खडीचा ढीग पडायचा, त्यात असेच ठिपक्यांचे दगड आम्ही शोधायचो. बेसॉल्टच तो! परमुलखात आपल्या गल्लीतलं कोणी भेटावं तसं झालं मला.

तिथले लोक त्याला टोडस्टोन म्हणतात. टोड म्हणजे भेक, अंगावर पुळ्या असलेला बेडूक. चुनखडी सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वीची, उथळ कोमट समुद्रात साचलेली. तिच्यात समुद्री लिलींचे देठ आणि शिंपले खच्चून भरलेले आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. समुद्राच्या तळाशी चुनखडी साचत होती, मध्येच ज्वालामुखी जागा झाला, लाव्हा पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा चुनखडी साचली. आपल्या सह्याद्रीत लाव्हावर लाव्हा आहे, तिथे लाव्हा आणि चुनखडी आलटून पालटून आहेत, एवढाच फरक. पण लेकीच्या ओळखीचे एक गृहस्थ ठासून सांगत होते की यातला बराचसा दगड वरून वाहिलेलाच नाही, चुनखडी तयार झाल्यानंतर तो खालून तिच्या थरांमध्ये घुसला. मला हे उगाच वाकडं वाटतं. थर आडवे, समांतर, अखंड दिसतात. घुसखोर इतका शिस्तीत बसेल का? जाणकारांनी बोलावं.

आठवीची बाई · रविवार, रात्री 9:40

छान धागा काका. वाचनखूण साठवली. परळला शाळेत शिकवते, आठवीला खडकांचे प्रकार आहेत. मुलं नेमकं हेच विचारतात : लाव्हा आडवा, गाळाचा खडकही आडवा, मग ओळखायचं कसं?

भूविद्यावाला · रविवार, रात्री 10:25

शिवडीकर काका, त्या गृहस्थांची बाजू घेतो, राग नसावा. कॉलेजात चोवीस वर्षं भूशास्त्र शिकवलं. आडवा, समांतर, अखंड ही लाव्हाची खूण आहे असं धरून चालण्यात फार मोठी फसगत होते. शिलारस वर येताना ज्या वाटेने कमी जोर लागतो ती वाट धरतो. गाळाच्या खडकात सर्वांत कमकुवत जागा म्हणजे दोन थरांमधली फट. तिथे शिरला की वहीच्या दोन पानांमध्ये गोंद पसरावा तसा मैलोन्‌मैल पसरू शकतो. याला सिल म्हणतात. थर तोडून उभा चढला तर ती भित्ती, म्हणजे डाइक. भित्ती कोणीही ओळखेल. सिल मात्र लाव्हाच्या थरासारखाच दिसतो.

ओळखायचा तो वरच्या कडेवरून. खालची कड दोघांचीही भाजलेली असते, कारण गरम दगड दोघांनीही खालच्या थरावर टाकलेला असतो. वरची कड मात्र खोटं बोलत नाही. लाव्हा वाहिला तेव्हा त्याच्या डोक्यावर आकाश होतं किंवा पाणी, वरची चुनखडी तेव्हा जन्मालाही आलेली नव्हती. म्हणून ती भाजलेली नसते. उलट तिच्या तळाशी लाव्हाचे झिजलेले तुकडे सापडू शकतात. लाव्हाचा माथा बुडबुड्यांनी सच्छिद्र असतो, फुटका असतो, पुष्कळदा कुजून माती झालेला असतो. सिलला मात्र वर छप्पर होतं. तो वरची चुनखडीही भाजतो, तिचा संगमरवर करतो. त्याच्या दोन्ही कडा चटकन थंड झाल्यामुळे बारीक कणांच्या असतात, पोटातला भाग सावकाश थंड झाल्याने भरड.

मिलर्स डेलजवळच टाइड्सवेल डेल नावाची दरी आहे, तिथे गेला होतात का? तिथल्या जुन्या खाणीतला डोलेराइट, म्हणजे बेसॉल्टचाच भरड भाऊ, हा सिल आहे. त्याच्या खालची लाल माती इतकी भाजली की तिचे उभे खांब झाले. मातीचे खांब, काका. असे खांब पडायला उष्णता बराच काळ कोंडून राहावी लागते.

शिवडीकर · सोमवार, सकाळी 6:50

सर, राग कसला. टाइड्सवेल डेलला गेलो होतो, फोटोही आहेत. पण एका खाणीवरून सगळ्या मुलखाचा निकाल कसा लावायचा? मिलर्स डेलला त्याच लाव्हाचे वरचा आणि खालचा असे दोन थर नोंदलेले आहेत. मॅटलॉककडेही दोन. इतक्या लांबवर ठरावीक जागी टोडस्टोन सापडतो याचा अर्थ तो ठरावीक वेळी पसरला. घुसखोर असता तर कुठे या फटीत, कुठे त्या फटीत दिसला असता.

आणि दुसरं. लिटन मिलजवळच्या कटिंगमध्ये तो काळा थर चालत चालत गेलं की बारीक होत जातो आणि संपतो. मला ते वाहत्या गोष्टीचं टोक वाटलं. डांबर ओतल्यावर पुढची जीभ जशी थिजते, तसं.

जुनी पानं · सोमवार, दुपारी 1:15

हा वाद डर्बीशरमध्ये अडीचशे वर्षांचा जुना आहे, म्हणून थोडा इतिहास घालते. नाहीतर आपण तो पहिल्यापासून पुन्हा भांडू.

डर्बीत जॉन व्हाइटहर्स्ट नावाचा घड्याळं बनवणारा होता. 1778 मध्ये त्याने पृथ्वीच्या मूळ रचनेवर एक ग्रंथ छापला. त्यात त्याने टोडस्टोन हा लाव्हाच आहे असं स्पष्ट मांडलं. त्या काळी हे धाडसाचं होतं. युरोपात लवकरच फ्रायबर्गच्या वेर्नर या खनिजशास्त्रज्ञाचा मोठा दबदबा झाला, आणि त्याच्या मते बेसॉल्टसुद्धा आदिसमुद्राच्या पाण्यातून साचलेला खडक होता. फ्रान्समध्ये देमारे याने ओव्हेर्नच्या विझलेल्या ज्वालामुखींपर्यंत बेसॉल्टचा माग काढला होता, तरी पाणीवाले हटत नव्हते. अशा वेळी डर्बीशरमध्ये, जिथे ज्वालामुखीचं तोंड म्हणून दाखवायला एक डोंगर नाही, तिथे हा माणूस म्हणतो की हा दगड आगीतून आला. मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

पण शिवडीकर काका, गंमतीची गोष्ट बघा. व्हाइटहर्स्टला तुमचं चित्र मान्य नव्हतं. त्याच्या मते हा लाव्हा उघड्या हवेपर्यंत पोहोचलाच नाही, जमिनीखालीच थरांमध्ये चहूकडे पसरला. म्हणजे दगड कशातून आला हे त्याने बरोबर सांगितलं, आणि तो कधी आला यावर तो भूविद्यावाल्या सरांच्या बाजूला उभा राहिला. त्यानंतर 1811 मध्ये जॉन फेरी याने डर्बीशरच्या खनिजांचा मोठा अहवाल लिहिला. त्याने चार चुनखड्या आणि त्यांच्यामध्ये तीन टोडस्टोन असा ठराविक जिना लावला. तुमचा 'ठरावीक जागी, ठरावीक वेळी' हा मुद्दा त्याचाच.

पुढे आर्नल्ड-बेमरोज नावाच्या, डर्बीतच छापखाना चालवणाऱ्या गृहस्थाने वर्षानुवर्षं एकेक जागा पायी पालथी घातली, दगडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि 1907 मध्ये निकाल मांडला : काही लाव्हा, काही सिल, काही ज्वालामुखीच्या नळ्या, काही राखेचे थर. एका नावाखाली चार वेगळ्या वस्तू होत्या. खाणकामगारांनी सगळ्याला टोडस्टोन म्हटलं होतं, कारण त्यांच्या दृष्टीने त्याचा एकच गुण महत्त्वाचा होता, तो आला की शिसं संपतं.

शिवडीकर · सोमवार, दुपारी 1:50

शिसं संपतं म्हणजे? हे सविस्तर सांगा ना ताई.

जुनी पानं · सोमवार, दुपारी 3:05

डर्बीशरमध्ये रोमन काळापासून शिशाच्या खाणी. चुनखडीतल्या उभ्या भेगांमध्ये गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज. कामगार शिरेमागोमाग खाली खणत जायचे आणि टोडस्टोन लागला की शीर एकदम बारीक व्हायची किंवा नाहीशी व्हायची. मग हिंमत आणि पैसा असेल तर तो मृत दगड फोडून पलीकडच्या चुनखडीत उतरायचं, तिथे शीर पुन्हा सापडायची. नाव जर्मन 'टोडस्टाइन', म्हणजे मेलेला दगड, यावरून आलं असंही म्हणतात. त्या खाणींत जर्मन कामगार आणले गेले होते. दुसरी व्युत्पत्ती बेडकाच्या कातडीची. मला बेडूक पटतो, कारण दगड हातात घेतला की तोच आठवतो.

आता विचार करा, आधी शिरा होत्या आणि नंतर हा दगड घुसला असता तर शिरा तुटलेल्या दिसल्या असत्या. खाणीत रोज हेच दिसत असेल तर दगड मागाहून आला असं कोणालाही वाटणारच. आज माहीत आहे ते वेगळं. शिसं घेऊन येणारं गरम पाणी फार नंतर आलं, तेव्हा टोडस्टोन केव्हाच जागेवर होता. चुनखडीला भेगा पडतात, ती विरघळून पोकळ्या होतात, तिथे खनिज बसतं. टोडस्टोन चिकणमातीसारखा कुजलेला, त्यात भेग टिकत नाही, पाणी अडतं. म्हणून शीर तिथे गुदमरते. काही जागी टोडस्टोनमध्येही शिसं मिळालंच, पण तो अपवाद.

भूविद्यावाला · सोमवार, सायं. 4:30

फार नेमकं लिहिलंत. एक जोड देतो. त्या चुनखडीत बोटभर ते हातभर जाडीचे चिकणमातीचे थरही आहेत, तिथले लोक त्यांना वेबोर्ड म्हणतात. त्यातले बरेच ज्वालामुखीच्या राखेचे. राख वरूनच पडते, तिला घुसता येत नाही. तेव्हा चुनखडी साचत असताना जवळपास ज्वालामुखी धुमसत होते यात शंका नाही, आणि शिवडीकर काकांच्या चित्राला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. मी विरुद्ध बाजूचा असून सांगतो.

ज्वालामुखी कुठे गेले, तर नळ्यांची तोंडं ग्रेंजमिलजवळ आणि बक्स्टनपासून जवळच्या काल्टन हिलला सापडली आहेत. काल्टन हिलच्या दगडात तर ऑलिव्हिन या हिरव्या खनिजाचे गोळे आहेत, थेट भूकवचाखालून, प्रावरणातून उचलून आणलेले.

वणीचा वाटसरू · सोमवार, रात्री 8:45

मी ठाण्यात नोकरीला, पण गाव वणीजवळ, यवतमाळ जिल्हा. काका, काळा दगड आणि चुनखडी बघायला विलायतेला जायची गरज नाही जी. आमच्याकडं दोन्ही आहेत. वणी-चंद्रपूर पट्ट्यात पैनगंगेच्या खोऱ्यातली चुनखडी, तिच्यावरच सिमेंटचे कारखाने चालतात. आणि तिच्यावर दख्खनच्या काळ्या दगडाच्या टेकड्या. झरी जामणी तालुक्यात शिबल्याजवळ त्या काळ्या दगडाचे सहा बाजूंचे खांब निघाले, तेव्हा गावात लोक म्हणत होते की इथं ज्वालामुखी होता. मी सांगून थकलो की लाव्हा लांबून वाहत आला असेल, खांब पडले म्हणजे तोंड इथंच होतं असं नाही.

भूविद्यावाला · सोमवार, रात्री 9:20

वाटसरू, बरोबर सांगत होतात. जाड लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि तडकून खांब पडतात, पन्हाळ्याजवळ बांदिवड्यालाही आहेत. पण तुमच्या वणीत आणि डर्बीशरमध्ये एक मोठा फरक आहे. वणीची चुनखडी शंख-शिंपले पृथ्वीवर येण्याच्याही आधीची, तिच्यावरचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा. चुनखडी केव्हाच दगड होऊन, वर येऊन, झिजून बसली होती, मग लाव्हाने तिला झाकलं. डर्बीशरमध्ये दोघं एकमेकांचे समकालीन, एक साचतोय तोवर दुसरा येतोय.

आठवीची बाई · सोमवार, रात्री 10:10

सर, माझा एक प्रश्न राहिला. चुन्याच्या भट्टीत चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो. भट्टीचं तापमान 900 अंशांच्या आसपास. लाव्हा त्याहून गरम. मग लाव्हाखालच्या चुनखडीचा चुना का झाला नाही? पांढरी पूड व्हायला हवी होती, आणि वर समुद्राचं पाणी, म्हणजे सगळं उकळून निघालं असतं. आज मुलांनी हेच विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

भूविद्यावाला · मंगळवार, सकाळी 7:15

बाई, या प्रश्नासाठी तुमच्या मुलांना माझ्याकडून शाबासकी सांगा. एवढ्या वर्षांत कॉलेजच्या वर्गातही कोणी असं विचारलं नाही.

बेसॉल्टचा लाव्हा 1100 ते 1200 अंश असतो, बरोबर. पण भट्टीत तीन गोष्टी एकत्र असतात. आग दिवसरात्र चालू ठेवतात. दगड फोडून लहान केलेला असतो, म्हणजे उष्णता आतपर्यंत जाते. आणि वरून वाट मोकळी असते, म्हणजे दगडातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. वायू गेला तरच चुना उरतो.

लाव्हा समुद्रात उतरला की त्याच्या अंगावर काही क्षणांत काचेसारखी साल धरते. दगड उष्णतेचा फार वाईट वाहक, घरातला पाटा उन्हात ठेवून बघा, वरून चटका बसतो आणि खालून गारच असतो. खालची चुनखडी तेव्हा पुरता दगडही नव्हती, पाण्याने भिजलेला चुनखडीचा चिखल होता. तिला जो चटका बसला तो इंच-दोन इंचांचा. सिलच्या बाबतीत उष्णता भरपूर आणि वेळही भरपूर, पण वर शेकडो फूट दगडाचं दडपण. वायूला बाहेर पडायला जागा नाही. मग चुनखडी फुटत नाही, ती जागच्या जागी नव्याने स्फटिक बांधते, त्यालाच आपण संगमरवर म्हणतो. मुलांना असं सांगा : झाकण उघडं असेल तर चुना, झाकण बंद असेल तर संगमरवर.

आठवीची बाई · मंगळवार, सकाळी 7:40

आभारी आहे सर. आजच्या तासाला हेच.

कांदिवलीकर · मंगळवार, रात्री 9:00

मी भूशास्त्र शिकलेले नाही. माझे वडील कांदिवली-मालाडच्या दगडखाणींत सुरुंगाच्या कामावर होते, आता 81 वर्षांचे आहेत. काल त्यांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. शिवडीकर काकांनी टाकलेले दोन्ही फोटो मोबाइलवर मोठे करून दाखवले. पहिला मिलर्स डेलचा ठिपक्यांचा हिरवट दगड. बाबा म्हणाले, "हा मेलेला माल. घण मारला तर भुसा होईल. याची खडी कोण घेतो?" दुसरा टाइड्सवेलचा. तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हा वाजणारा दगड आहे. याला खाण लागलीच असणार."

मग मी त्यांना सांगितलं की तिथे खरोखरच खाण होती. त्यांना नवल वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, खाण कुठे लावली ते बघा, दगड तिथेच कळतो. मालाडला पिवळा दगड घडीव कामासाठी, कांदिवलीला काळा दगड खडीसाठी, आणि कुजलेला मुरूम भरावाला. कोण कशासाठी पैसे देतो यावरून दगडाची जात ठरायची. ते ज्या ठिपक्यांना "तांदूळ" म्हणायचे, त्यातले चांगले स्फटिक बाहेरगावचे लोक येऊन विकत घ्यायचे. शाळेत असताना माझ्या कंपासपेटीत एक फिकट हिरवा, द्राक्षांच्या घोसासारखा तुकडा होता. आता कळलं, तो प्रेहनाइट.

भूविद्यावाला · मंगळवार, रात्री 9:50

ताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं ते मला दोन परिच्छेदांत सांगावं लागलं असतं. टाइड्सवेल डेल, काल्टन हिल, वॉटरस्वॉलोज, डर्बीशरमधल्या या काळ्या दगडाच्या खाणी रस्त्याच्या खडीसाठी निघाल्या, आणि तिन्ही जागी खडीचा दगड म्हणजे जमिनीखाली सावकाश थंड झालेला, घट्ट डोलेराइट. वर वाहिलेला लाव्हा हवेत आणि पाण्यात कुजला, त्याची हिरवी माती झाली, त्याला कोणी हात लावला नाही. खाणमालकांनी सिल आणि लाव्हा शंभर वर्षांपूर्वीच वेगळे केले होते, फक्त तसं लिहून ठेवलं नाही.

फोर्टफेरी · मंगळवार, रात्री 11:05

थोडं विषयांतर, पण मला राहवत नाही. डर्बीशरमध्ये काळा दगड पाहुणा आहे. आपल्याकडे फोर्टात याच्या बरोबर उलटं आहे. राजाबाई टॉवरसाठी कुर्ल्याचा दगड, डेव्हिड ससून ग्रंथालयाला मालाडचा पिवळा, जीपीओला काळा बेसॉल्ट, हे सगळे ज्वालामुखीचे, घरचे. आणि जुन्या इमारतींच्या कोरीव कामात जो मऊ, फिकट, दाणेदार दगड दिसतो तो पोरबंदरचा, म्हणजे चुनखडी, गलबतांतून आलेली. पुढच्या वेळी त्या भागात गेलात की दोन्ही दगडांवर एकेक हात ठेवून बघा. पोरबंदरचा दगड भिंगातून पाहिला की समुद्री जिवांच्या कवचांचे कण दिसतात.

शिवडीकर · बुधवार, सकाळी 6:30

विषयांतर नाहीच हे. उलट मला आता आपल्या मुंबईबद्दलच विचारायचं आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला सगळे ज्वालामुखीची नळी म्हणतात. मीही नातवाला तसंच सांगत आलो. 61 मीटर उंच काळे खांब, वर गावदेवीचं देऊळ. आता सरांचं वाचून वाटतं, तीही सिल असू शकेल की.

भूविद्यावाला · बुधवार, सकाळी 8:10

काका, खांबांची दिशा बघा. खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठाला काटकोनात वाढतात. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर ओहोटीला भित्ती दिसतात, त्यांतले खांब आडवे असतात, वखारीत लाकडं रचल्यासारखे, कारण भित्तीच्या बाजू उभ्या. उभी नळी असेल तर निदान तिच्या कडेजवळ तरी खांब आडवे किंवा तिरके हवेत. गिल्बर्ट हिलचे खांब जवळजवळ उभे आहेत. म्हणजे थंड होणारी पृष्ठं वर आणि खाली होती. माझ्या मते तो एका जाड आडव्या पट्ट्याचा उरलेला तुकडा आहे. नळी म्हणणारेही अभ्यासक आहेत, त्यांनी कडेचा पुरावा द्यावा लागेल. आणि कडा तर आजूबाजूच्या खाणींनी केव्हाच खाल्ल्या. 1952 मध्ये त्याला सरकारी संरक्षण मिळालं तोवर शेजारचा बराच दगड गेलेला होता.

मुंबईचा ज्वालामुखी दख्खनच्या मुख्य उद्रेकाच्या मागाहूनही चालू होता. मनोरी आणि साकीनाक्याच्या ट्रॅकाइट, म्हणजे ज्वालामुखीच्याच फिकट दगडांची वयं 2001 मध्ये प्रसिद्ध झाली, ती 6 कोटी ते 6 कोटी 20 लाख वर्षांच्या आसपास आहेत. सह्याद्रीचा मुख्य लाव्हा साडेसहा कोटींचा. म्हणजे 'मागाहून आलेला दगड' ही गोष्ट आपल्या दारातही आहे.

जुनी पानं · बुधवार, दुपारी 12:40

आणि बेडूकही आपल्या दारात आहे! वरळीच्या टेकडीत काळ्या बेसॉल्टच्या खाली मऊ शेलचा, म्हणजे दगड झालेल्या चिखलाचा थर आहे, गोड्या पाण्यात साचलेला. त्यात एकोणिसाव्या शतकात बोटाच्या पेराएवढ्या बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन या इंग्लिश जीवाश्मशास्त्रज्ञाने 1847 मध्ये त्या बेडकाला राना पुसिला नाव दिलं, आता त्याला इंडोबॅट्राकस म्हणतात. कार्टर नावाच्या डॉक्टरने 1852 मध्ये मुंबई बेटाच्या भूरचनेवर लिहिलं, त्यात हे थर आहेत. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात इथे तळं होतं, कासवं होती, मगरी होत्या. वरळी सी-फेसवर राहणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? शाळेच्या पुस्तकात डायनासोर आहेत, वरळीचा बेडूक नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आठवीची बाई · बुधवार, दुपारी 1:00

उद्याच फळ्यावर काढते.

वणीचा वाटसरू · बुधवार, सायं. 6:20

मग वरळीचा वरचा बेसॉल्ट लाव्हा की सिल, हाही प्रश्न आलाच की. शेलची वरची कड कोणी पाहिली? आता तर सगळं इमारतींखाली.

भूविद्यावाला · बुधवार, रात्री 9:15

वाटसरू, हाच प्रश्न विचारायचा. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगायचो की पाया खणताना उघडी पडलेली कड दिसली तर दोन फोटो काढा, एक लांबून आणि एक जवळून शेजारी नाणं ठेवून. आठ दिवसांत काँक्रीट पडतं आणि मग ती कड पुन्हा दिसत नाही. मेट्रोची भुयारं खणली तेव्हा मुंबईच्या पोटातला किती दगड उघडा झाला असेल!

शिवडीकर · शनिवार, सकाळी 7:05

मंडळी, तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण लेकीला कामाला लावलं होतं. काल ती सुट्टी काढून दोन्ही जागी गेली. हातोडी नेऊ नकोस हे आधीच बजावलं होतं, तिथे दगड फोडायला मनाई आहे.

मिलर्स डेलच्या बाजूला काळ्या थराच्या वरच्या कडेवर तिला हिरवट, बोटाने उकरता येईल अशी माती मिळाली. त्यावर लगेच चुनखडी. आणि त्या चुनखडीत, मातीपासून वीतभर वर, पूर्ण शिंपला, कडेच्या रेघांसकट. फोटो खाली देतोय. तो शिंपला भाजलेला नाही, त्याचा संगमरवर झालेला नाही. हा थर वाहिलेला आहे, इथे मी माझं म्हणणं सोडत नाही.

टाइड्सवेल डेलला मात्र ती खाणीच्या तळाशी गेली. लाल मातीचे खांब तिला सापडले, करंगळीएवढे जाड, एकमेकांना चिकटून उभे. मधला दगड भरड, चमचमणारा, कडेकडे बारीक होत गेलेला. आणि सर, तिने तिथल्या फलकाचा फोटो पाठवलाय. त्यावर लिहिलंय की हा सिल मिलर्स डेलच्या खालच्या लाव्हामध्येच घुसलेला आहे. म्हणजे आधी लाव्हा वाहिला, आणि नंतर त्याच्याच अंगात सिल शिरला. आपण दोघं आठवडाभर एकाच डोंगराकडे बोट दाखवून भांडत होतो.

भूविद्यावाला · शनिवार, सकाळी 9:30

शिंपल्याचा फोटो अप्रतिम. मिलर्स डेलबद्दल माझं काही म्हणणं उरलं नाही. लेकीला विचारा, त्या हिरव्या मातीत चुनखडीचे गोटे होते का, की निव्वळ माती? आणि नाणं कुठलं ठेवलंय, व्यास कळला तर खांबांची जाडी मोजता येईल.

कांदिवलीकर · शनिवार, सकाळी 10:15

बाबांनी फोटो पाहिला. खांबांवर बोट फिरवत विचारतात, मातीवर घण मारला तर ती वाजेल का?

शिवडीकर · शनिवार, सकाळी 10:40

नाणं दहा पेन्सचं आहे, व्यास साडेचोवीस मिलिमीटर. गोटे होते की नाही ते लेकीला विचारलंय. बाबांना सांगा, घण नेला नव्हता, पण तिने नखाने टकटक केलं. मडक्यासारखा आवाज आला म्हणाली.